जिन्याखालचा सर्व्हर

बटणांच्या त्या कारखान्यात एसी एकच होता आणि तो माणसांसाठी नव्हता. जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर होता, त्याला गरम होऊ नये म्हणून तो बसवलेला. पण सर्व्हरला सोबत लागते असं मामांचं मत होतं. त्यामुळे मामांची खुर्चीही एकोणीस वर्षं त्याच खोलीत होती.

मामा म्हणजे मालकिणीचे धाकटे भाऊ. मालकिणीला सगळे ताई म्हणत. ताईंच्या मुलीचे ते मामा, म्हणून साचेवाल्या दादांपासून पॅकिंगच्या वहिनींपर्यंत अख्ख्या कारखान्याचे मामा. ताई स्वतः मात्र त्यांना लहानपणापासूनच्या सवयीनं 'बाळ' म्हणत. बाळ चोपन्न वर्षांचे होते आणि त्यांच्या पित्ताशयात खडे होते.

कारखान्यात नऊ हजार तऱ्हांची बटणं होत. कुठल्या बटणाचा साचा कुठला, भोकं किती, रंग कोणता, कुणाला पाठवलं, ही सगळी माहिती सर्व्हरवर होती आणि तिच्यात मामांची एक गोम होती. नुसतं 'तपकिरी' लिहावं तर तपकिरी चारशे निघत. म्हणून अगदी पहिल्या वर्षी मामा आणि ताई, दोघं जमिनीवर चादर पसरून, तांदूळ निवडावेत तशी बटणं निवडत बसले आणि एकेका रंगाचं बारसं केलं. 'ओलं खोकं'. 'मास्तरांचा कोट'. 'कालचा चहा'. 'रुसलेला निळा' हे ताईंचं. ते बटण समोर धरून त्या म्हणाल्या होत्या, "हा बघ, लहानपणी तुला जत्रेत नेलं नाही की तुझं तोंड व्हायचं ना, तस्सा." नावं अगदी अचूक होती. अडचण एवढीच, की ती जगात दोनच माणसांना माहीत होती. पुढे ताई कारभारात बुडाल्या, अर्धी नावं विसरल्या आणि उरले एकटे मामा.

त्यामुळे रोज सकाळी अकराच्या सुमारास ताई वरच्या ऑफिसातून जिना उतरून येत. "बाळ, कडेला काठ असलेलं ते मळकं हिरवं कुठलं रे? कोटवाले मागतायत."

मामा खुर्ची सावकाश फिरवत, चष्मा कपाळावरून नाकावर आणत, दोन बोटांनी टाइप करत आणि म्हणत, "धुतलेलं शेवाळ. साचा सातशे बारा."

"तू नसतास तर काय झालं असतं रे माझं!" ताई म्हणत आणि दहा मिनिटं एसीत बसून चहा घेऊन वर जात. मामांचा दिवस त्या दहा मिनिटांभोवती बांधलेला होता. बाकीचे सात तास आपले लोंबत असत.

तू नसतास तर काय झालं असतं, या प्रश्नाचं उत्तर पित्ताशयानं दिलं. खड्यांसकट ते काढून घ्यायला मामा चार दिवस दवाखान्यात गेले आणि दुसऱ्याच दिवशी सर्व्हर बसला. खोलीची किल्ली मामांच्या पँटच्या खिशात आणि पँट दवाखान्याच्या कपाटात. मामींनी ती रिक्षानं पोचवली. म्हणजे किल्ली. मग मामांनी पलंगावर पडल्या पडल्या, हाताला सलाईन लावलेली, फोनवरून सर्व्हर चालू करून दिला. "लाल दिवा लुकलुकतोय का? त्याच्या खालचं बटण. जोरात नको, गोंजारल्यासारखं दाब." फोनच्या पलीकडे ताई स्वतः गुडघ्यांवर बसल्या होत्या. पावणेदोन तास लागले. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटनं मामांना डॉक्टर समजून स्वतःचे रिपोर्ट दाखवले.

मामांच्या आयुष्यातला हा विजयाचा दिवस. परतल्यावर ताई काय म्हणतील याची चार-पाच वाक्यं त्यांनी तयारही ठेवली होती आणि त्यावर द्यायची विनयशील उत्तरंसुद्धा. ताईंनी वेगळंच वाक्य काढलं.

"बाळ, हे असं नाही चालायचं रे. जावई म्हणतायत, हे सगळं क्लाउडवर टाकू."

आता जावयाबद्दल. ताईंच्या मुलीचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. जावई सडसडीत, नम्र, सगळ्यांना वाकून नमस्कार करणारा, म्हणजे मामांच्या दृष्टीनं अत्यंत संशयास्पद. त्याच्यात खोट काढायला मामांनी लग्नापासून जिवाचं रान केलं, पण हाताला काही लागलं नव्हतं. त्यानंच त्यांचं जास्त डोकं फिरे. तो कंपन्यांना सॉफ्टवेअर निवडून देण्याचं काम करी. मामांना हे काम म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाऊन 'तुमचं जातं फेका, मी सांगतो त्या गिरणीत दळण टाका' असं सांगण्यापैकी वाटे. तोंडावर ते त्याला 'जावईबापू' म्हणत आणि मनात 'ढगोबा'.

"क्लाउड म्हणजे काय गं, ताई?" मामांनी विचारलं. त्यांना ते पक्कं माहीत होतं. "दुसऱ्याच्या घरातला सर्व्हर. आपली नऊ हजार लेकरं परक्याच्या पाळण्यात टाकायची. उद्या त्यानं दार लावून घेतलं तर? तार तुटली तर? इथं कसं, माझ्या हाताखाली आहे. रात्री डिस्कवर कॉपी काढून ती मी जेवणाच्या डब्यातून घरी नेतो."

"हो, आणि त्यापायी मी एकोणीस वर्षं एक कप्पा कमी भरतेय," असं मामी म्हणाल्या असत्या, पण त्या तिथं नव्हत्या.

"मामांचं अगदीच चूक नाहीये," ताईंच्या मागे उभा असलेला जावई म्हणाला. हे त्याचं नेहमीचं. समोरच्याचं आधी खरं करायचं. "नेट गेलं तर अडचण येते. माहिती बाहेर ठेवायची तर करार नीट वाचावा लागतो. पण या मशीनचे सुटे भाग आता मिळत नाहीत, मामा. वरून पाण्याचा पाइप जातो. आणि किल्ली एकच आहे."

"किल्ली एकच असते म्हणून तिला किल्ली म्हणतात, जावईबापू. दहा असल्या की ती कडी."

चिठ्ठ्या घेऊन दारात आलेल्या पॅकिंगच्या वहिनी फस्सकन हसल्या. मामांना बरं वाटलं. मग त्यांनी पाहिलं, ताई हसल्या नव्हत्या. त्या जावयाकडे बघत होत्या, मान किंचित कलती करून. ती मान मामांच्या चांगल्या ओळखीची होती. रोज अकरा वाजता ती जिन्याखालच्या खोलीत तशी कलायची.

शेवटी ठरलं, आठ आठवडे दोन्ही चालवायचं, जुना सर्व्हरही आणि क्लाउडही. यावर मामांनीच अट घातली. "लोकांनी आपणहून उघडलं पाहिजे. रोज निदान साठ वेळा. सरासरी साठाच्या खाली गेली, तर क्लाउड तुमचं तुम्हाला लखलाभ आणि सर्व्हर इथंच." त्यांना खात्री होती. क्लाउडवरही नावं सगळी तीच उतरवून घेतली होती ना! 'तपकिरी' म्हणून शोधणाऱ्याच्या हाती शून्य लागणार होतं.

आणि तसंच झालं. पहिल्याच आठवड्यात साचेवाले दादा धुसफुसत आले. "अहो मामा, साधं पांढरं बटण सापडत नाही हो त्यात. काय लिहिलंय तुम्ही?"

"कुठलं पांढरं? 'दंतवैद्य' की 'इस्त्रीची घडी'?"

"पांढरं हो! पांढरं म्हणजे पांढरं!"

"तिथंच चुकतं तुमचं," मामा म्हणाले आणि खुर्ची फिरवून बसले.

जावईही आला. वही घेऊन आला, हे विशेष. "मामा, ही यादी तुम्ही सांगितली तर मी प्रत्येक नावापुढे साधा रंग लिहीन. 'कालचा चहा' म्हणजे फिकट तपकिरी, बरोबर?"

"चहा कुणाचा, त्यावर आहे," मामा गंभीरपणे म्हणाले. जावयानं तेही वहीत लिहून घेतलं. त्याच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता. मामांनी नीट शोधला.

एवढ्यावर मामांनी स्वस्थ बसायला हवं होतं. जिंकत आलेल्या माणसानं पत्ते उघडून बघू नयेत. पण क्लाउडच्या पडद्यावर एक सोय होती. डाव्या बाजूला सगळ्यांची नावं, आणि जो आत्ता आत असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. नावावर बोट ठेवलं की त्यानं काय उघडलं, किती वाजता, सगळं दिसे. मामांनी ते पहिल्यांदा उघडलं ते केवळ शत्रूची तयारी पाहायला. तर तिथं ताईंचा ठिपका हिरवा होता, जावयाचा ठिपका हिरवा होता आणि घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

ताई त्या दिवशी जिना उतरल्याच नाहीत.

तेव्हापासून मामांच्या पोटात काहीतरी सुरू झालं. पित्ताशय तर काढलेलं होतं, त्यामुळे त्याच्यावर ढकलायचीही सोय उरली नव्हती. दर पंधरा-वीस मिनिटांनी ते क्लाउड उघडत. ताई आत आहेत का? कुणाबरोबर? काय पाहिलं? 'ताई, १०.४१, धुतलेलं शेवाळ.' शेवाळ! ते माझ्याकडे येऊन विचारायचं होतं! ठिपका विझे, मामा सुटकेचा श्वास टाकत. पुन्हा पेटे, श्वास परत आत. रविवारी घरी सोफ्यावर पडून ते फोनवर उघडत. दाताच्या डॉक्टरकडे तोंड सताड उघडं असताना त्यांनी ते मांडीवर उघडलं होतं. डॉक्टर म्हणाला, "दुखतंय का?" मामा घशातून म्हणाले, "दोघंही आत आहेत."

"कोण बाई आहे का?" एकदा मामींनी सरळच विचारलं.

"ताई आहे."

"तुमची ताई?"

"आणि जावई."

"या वयात माणसाला दुसऱ्या बाईचा नाद लागला तर ते निदान समजतं तरी," असं म्हणून मामी आत गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात कारखान्यातलं नेट गेलं. मामांनी आयुष्यात क्वचितच एवढी गोड बातमी ऐकली असेल. ते केस विंचरून जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले, चेहऱ्यावर काळजी ठेवून, लोक येण्याची वाट पाहत. पंधरा मिनिटं कुणीच आलं नाही. पॅकिंगमध्ये डोकावले तर वहिनी आपल्या फोनवरून क्लाउड उघडून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. "चालतंय हो मामा, उगाच काळजी करू नका." खरंच चालतंय का, हे बघायला मामांनीही फोनवर उघडलं. चालत होतं.

पण खरा घाव सहाव्या आठवड्यात बसला. मामा काही निमित्त काढून वर ऑफिसात गेले होते. निमित्त स्टेपलरच्या पिनांचं होतं. ताई आणि जावई एका टेबलाशी, एकाच पडद्यावर वाकलेले. आणि ताई म्हणाल्या, "अरे, असं नाही, थांब. हे मागे घे बघू."

मामांच्या हातातल्या पिना खाली सांडल्या. ताई जावयाला अहो म्हणत. 'तुम्ही बसा', 'तुम्ही घ्या'. मामांचा अख्खा सहा महिन्यांचा धीर त्या एका 'अहो'वर उभा होता. अहो म्हणजे पाहुणा. आज आहे, उद्या जाईल. 'अरे' हे घरातल्यांसाठी असतं. ताईंचं 'अरे' आजवर एकाच पुरुषाच्या वाट्याला आलं होतं आणि तो पुरुष आत्ता टेबलाखाली ओणवा होऊन पिना गोळा करत होता.

"बाळ, तू काय शोधतोयस रे खाली?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. होतं ते गेलं," मामा खालूनच म्हणाले.

त्या आठवड्यात मामांनी क्लाउड किती वेळा उघडलं त्याला सुमार नव्हता. म्हणजे मामांना वाटलं होतं की नाही. तो होता.

आठ आठवडे संपले. बैठकीला ताई, जावई, साचेवाले दादा, वहिनी आणि मामा. मामा नवा शर्ट घालून आले होते. ते हरणार नव्हते. दादा क्लाउडला शिव्या घालत होते, वहिनींचा वापर जेमतेम, आणि 'दंतवैद्य' म्हणजे कुठलं पांढरं हे अजून कुणालाच कळलं नव्हतं.

जावयानं कागद काढला. "सरासरी रोजची एकाहत्तर," तो म्हणाला.

मामा म्हणाले, "शक्य नाही."

"मलाही वाटलं नव्हतं, मामा. मला भीती होती, पन्नासही होणार नाही." आणि मग त्यानं अतिशय आदरानं, हळू आवाजात सांगितलं, "त्यात अकराशे चार वेळा तुम्ही उघडलंय. म्हणजे रोज तेवीस वेळा. रविवार मी धरले नाहीत, ते धरले तर बाराशेच्या पुढे जातात."

दादांनी मामांकडे असं पाहिलं, जसं ऐन सामन्यात आपल्याच संघावर गोल करणाऱ्याकडे पाहतात.

"मामा?" दादा म्हणाले. "तुम्ही?"

"मला ना, आधी वाटायचं मामांचा विरोध आहे," जावई ताईंना म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता. "पण एवढ्या मनापासून कुणीच वापरलं नाही. दवाखान्याच्या पत्त्यावरूनसुद्धा एकदा उघडलंय. दाताच्या."

मामांचा हिशेब केव्हाच झाला होता. एकाहत्तरातून तेवीस गेले की अठ्ठेचाळीस. साठाच्या खाली. एवढंच म्हणायचं होतं: 'माझे धरू नका. मी वापरत नव्हतो.' की क्लाउड गेलं, सर्व्हर राहिला, एसी राहिला, अकरा वाजले की जिन्यावर पावलं वाजणार. एक वाक्य. पण त्या वाक्याला शेपूट होतं. वापरत नव्हतास, तर मग अकराशे चार वेळा काय करत होतास?

"काय बघत होतास रे एवढं, बाळ?" ताईंनी विचारलंच.

ताईंची मान कलती झाली होती. आठ आठवड्यांत पहिल्यांदा ती मामांच्या बाजूला कलली होती. मामांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर ते असं होतं: 'तू कुणाशी बोलतेस ते बघत होतो.' चोपन्न वर्षांच्या माणसानं, नवा शर्ट घालून, पॅकिंगच्या वहिनींसमोर, हे म्हणायचं.

"रंग तपासत होतो," मामा म्हणाले. "नावं नीट उतरलीत की नाही. परक्या घरी लेकरं पाठवायची, तर बघायला नको?"

"मामा!" जावई उठून उभा राहिला आणि, मामा अडवायच्या आत, वाकला. वाकून वर येताना म्हणाला, "मग यादी तुम्हीच पुरी करा ना. प्रत्येक नावापुढे साधा रंग. तुमच्याशिवाय कुणालाच जमणार नाही."

म्हणजे आपल्या हातानं आपली कुलपं काढून द्यायची. मामा म्हणाले, "बघू." कारखान्यात याचा अर्थ हो असा होत असे.

पंधरा दिवस मामा यादी करत बसले. 'मास्तरांचा कोट – गडद राखाडी.' 'इस्त्रीची घडी – पांढरा, चकचकीत.' लिहिताना दर ओळीला आपण कमी कमी होतोय असं त्यांना वाटे. यादी पुरी झाली तसे दादा खूश झाले. पांढरं म्हटलं की पांढरं निघू लागलं. जावयानं क्लाउडवर मामांच्या नावापुढे एक सोनेरी चांदणी लावली. ती काढता येत नाही, हे मामांनी करून पाहिलं होतं.

मग एका सोमवारी सकाळी मामांनी सर्व्हर बंद केला. गोंजारल्यासारखं बटण दाबून. एकोणीस वर्षांची घरघर थांबली आणि खोलीत एवढी शांतता झाली, की वरचा पाण्याचा पाइप ऐकू येऊ लागला. खोलीत आता नमुन्यांची कार्डं ठेवायची ठरली होती. एसी काढायला माणूस आला होता, पण ताईंनी त्याला वरूनच परत पाठवलं, म्हणे कार्डांनाही दमट हवा मानवत नाही. मामांनी आपली खुर्ची भिंतीला लावली आणि बसून राहिले. डबा उघडून पाहिला, तर डिस्कच्या कप्प्यात मामींनी भाजी भरली होती. मामी वाट बघून असाव्यात.

अकरा वाजायला दोन मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली.

ताई आत आल्या, बंद सर्व्हरच्या टपावर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या, मग स्टूल ओढून बसल्या. "बाळ, एक विचारायचं होतं. 'रुसलेला निळा' कुठला रे? साचा आठवेना मला."

मामांनी सवयीनं खुर्ची फिरवली. समोर नुसता काळा पडदा. मग त्यांनी फोन काढला आणि क्लाउड उघडलं. हात आपोआप डाव्या बाजूला, नावांकडे गेला; सवय एवढी लवकर सुटत नाही. ताईंच्या नावाखाली आजची एकच ओळ होती.

'ताई, १०.५२, रुसलेला निळा.'

मामांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांनी वर पाहिलं नाही. चष्मा कपाळावरून नाकावर आणायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"साचा एकवीसशे सतरा," ते म्हणाले. "दोन भोकी."

"तू नसतास तर काय झालं असतं रे माझं!" ताई म्हणाल्या आणि वहिनींना दोन चहा पाठवायला सांगितलं.

चहा येईस्तोवर ताई पाइपाबद्दल काहीतरी बोलत होत्या. मामा हं हं करत होते. मांडीवरच्या फोनवर त्यांचं बोट एकच नाव खाली सरकलं होतं. जावयाचा ठिपका हिरवा होता. सकाळपासून एकटाच आत बसला होता बिचारा.